जंतूंसाठी गरम पाणी

एकाच दिवशी, एकाच कारकुनाने, एकाच फायलीतून दोन कागद काढले. एक मामीचा, एक जंतूंचा. मामीचा नामंजूर, जंतूंचा मंजूर. आता बोला!

मामी म्हणजे डेअरीच्या धुलाई शेडची मुकादम. ती आणि तिच्या हाताखालच्या सतरा बायका दिवसभर दुधाचे कॅन घासायच्या. घासलेल्या कॅनला शेवटी यंत्रात वाफ मिळायची, चांगली सणसणीत. घासणाऱ्या हातांना मात्र बारा महिने नळाचं गार पाणी. थंडीत ते पाणी असं यायचं की हात आधी ठणकायचा, मग बधिर व्हायचा, आणि घरी जाऊन जरा ऊब मिळाली की राहिलेलं दुखणं व्याजासकट वसूल करायचा. ‘धुलाई शेडला गरम पाण्याचा नळ मिळावा’ असा अर्ज मामी दर वर्षी करायची. अकरावा अर्ज आज परत आला होता.

“सही करा,” कारकून म्हणाला. “नामंजुरी मिळाल्याची.”

मामीने पेन घेतलं. अंगठा आणि पहिलं बोट जवळ येईनात. पेन घरंगळलं. तिने पुन्हा उचललं, पुन्हा घरंगळलं. शाळेत असताना फळ्यावर लिहायला बाई हिलाच उठवायच्या, असं तिचं अक्षर. कारकुनाने दोन वेळा घड्याळ पाहिलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. “राहू द्या. अंगठा चालेल.”

मामीने अंगठा उठवला आणि पदराला पुसत खाली मान घालून निघून गेली.

दारात मामा उभा होता. मामा म्हणजे मामीचा नवरा, सांडपाण्याच्या टाकीचा ऑपरेटर. अख्ख्या डेअरीत तो कोणाचाच मामा नव्हता, म्हणून सगळ्यांचाच होता. बायकोला अंगठा उठवताना त्याने पाहिलं. मागच्याच आठवड्यात डॉक्टरांनी बजावलं होतं, हा हिवाळा गार पाण्यात काढला तर बोटं अशीच आखडून बसतील, मग उपाय नाही. “काम सोडा,” म्हणाले. सांगायला काय जातं! मामी घरी येताना म्हणाली होती, “मी सोडलं तर माझ्या जागी दुसरी येईल, नि मग तिची बोटं जातील. आणि घरात बसून तुमचं तोंड बघू का दिवसभर?”

“मामा, तुमचंही आलंय,” कारकून म्हणाला. “अभिनंदन! बॉयलर मंजूर.”

“कोणाला?”

“तुमच्या जंतूंना.”

आता हे जंतूंचं प्रकरण काय, ते सांगायला हवं.

डेअरीत दूध जितकं, त्याच्या तिप्पट धुण्याचं पाणी. त्या पाण्यात सांडलेलं दूध, साय, लोणी, सगळं. ते तसंच ओढ्याला सोडलं तर ओढा आठ दिवसांत नासतो. म्हणून ते आधी एका बंद टाकीत जायचं. आत हवेचा लवलेश नाही. तळाला काळा गाळ, मोहरीएवढ्या दाण्यांचा, आणि त्या दाण्यांत जंतू. पाणी खालून वर चढायचं, जंतू त्यातली घाण खायचे, गॅसचे बुडबुडे सोडायचे आणि वरून बरंचसं नितळ पाणी बाहेर पडायचं. बिनपगारी, बिनरजेचं काम. अशी माणसं मिळाली असती तर साहेबांनी आणखी काय मागितलं असतं!

फक्त एक अडचण होती. पुस्तकात लिहिलं होतं की या जंतूंना पस्तीस अंश ऊब लागते. आणि इथे थंडीत पाणी अकरा अंशांवर. टाकी बांधली त्या पहिल्या हिवाळ्यात सल्लागार आले, टाकीत थर्मामीटर बुडवला, गारठलेले आणि अर्धमेले जंतू पाहिले, आणि अहवाल लिहिला, ‘बॉयलरशिवाय अशक्य. पस्तीस अंश अत्यावश्यक.’ दुपारच्या जेवणापर्यंत त्यांनी पस्तीस हा आकडा एवढ्या वेळा उच्चारला की मामाने त्यांचं नावच पस्तीस ठेवून टाकलं.

अहवाल वर गेला. आता वर गेलेली वस्तू खाली यायला वेळ लागतोच. तोवर मामा काय नुसता बसणार होता? त्याचं डोकं सरळ. तो म्हणाला, या गारठ्यात ओढ्याकाठच्या दलदलीत बुडबुडे येतात की नाही? येतात. म्हणजे तिथे कोणीतरी जेवतंय. त्या कोणीतरीला त्याने बादल्या भरभरून टाकीत आणून सोडलं. आधी घोटभर सांडपाणी, मग तांब्याभर, मग बादलीभर. साय वरच्या वर काढून घ्यायची, कारण गारठ्यात साय गोठते आणि दाण्यांना चिकटून त्यांचा गळा धरते. पोट बिघडलं की दोन दिवस लंघन. असं करत करत तीन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात अकरा अंशांवर टाकी झकास चालू लागली. आत जाताना घाणीचा आकडा अडीच हजार, बाहेर पडताना तीनशेच्या आत.

“आमची मंडळी आता थंडीला सरावली,” मामा कौतुकाने सांगायचा.

“तुमची मंडळी मी आहे,” मामी फणकारायची, “आणि मी नाही सरावले.”

आणि आता, मंडळी सरावल्यावर, पहिल्या हिवाळ्यातल्या दुखण्याचं औषध मंजूर होऊन आलं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मामा कागद घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेला. साहेब म्हणजे डेअरीचे व्यवस्थापक. पायाशी हीटर, खांद्यावर शाल, समोर चहा.

“साहेब, टाकीला बॉयलर नको आता.”

“नको म्हणजे? तीन वर्षं पत्रं लिहून माझी बोटं झिजली!”

बोटांचं नाव निघाल्यावर मामीचं नाव मामाच्या ओठांवर आलं होतं, पण त्याने गिळलं. “टाकी चांगली चालली आहे. आकडे बघा.”

साहेबांनी आकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. “अरे बापरे. हे फार चांगले आहेत. मामा, हे असे आकडे वर गेले तर वरचे विचारतील, मग बॉयलर कशाला मागवला? जरा वाईट आणता येतील?”

“आकडे मी नाही आणत, साहेब. पाणी आणतं.”

“मग या महिन्याची नोंदच करू नका. ‘दुरुस्तीचे काम सुरू’ असं लिहा.”

“पण परत पाठवा ना बॉयलर.”

साहेब दुखावले. “मंजूर झालेली वस्तू परत पाठवायचा नमुनाच नाही आपल्याकडे. नामंजुरीचा आहे, हरवल्याचा आहे, मोडल्याचा आहे. नको असल्याचा नाही. आजपासून एकविसाव्या दिवशी अध्यक्ष उद्घाटनाला येताहेत. काटा पस्तीसवर दिसला पाहिजे. त्या दिवशी.”

“एका दिवसात अकरावरून पस्तीस?” मामा किंचाळलाच. “साहेब, दाणे फुगतील, गॅस धडाधडा सुटेल, अख्खा गाळ तरंगून पाण्याबरोबर वाहून जाईल. तीन वर्षांचा संसार ओढ्यात!”

“जंतूच ना? पुन्हा येतील.”

गाढवाला गुळाची चव काय, एवढंच मामाच्या मनात आलं, आणि ते काही साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं. जाता जाता त्याने विचारलं, “साहेब, तो बॉयलर धुलाई शेडला द्या. बायका अकरा वर्षं मागताहेत.”

“अहो, तो जंतूंच्या नावावर मंजूर आहे!” साहेब म्हणाले. “जंतूंच्या तोंडचं काढून बायकांना कसं देणार? काहीतरीच बोलता मामा तुम्ही.”

बॉयलर आला. छपराखाली ठेवायचा तर रिकामं छप्पर एकच, धुलाई शेडच्या मागच्या भिंतीला लागून. झालं! ज्या भिंतीच्या अलीकडे मामी बर्फासारख्या पाण्यात हात घालून उभी, तिच्याच पलीकडे जंतूंसाठी नवा कोरा बॉयलर. बायका कॅन घासता घासता भिंतीकडे बघायच्या. एक जण म्हणाली, “पुढचा जन्म टाकीतच मागून घेते बाई.” बाकीच्या हसल्या. मामी हसली नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या आठवड्यात सरळ व्हायची थांबली होती. ब्रश ती आता डाव्या हाताने धरायची आणि कोणी बघितलं की पटकन उजव्यात घ्यायची.

पाइप जोडायचं काम आलं फिटरकडे. फिटर मामीचा धाकटा भाऊ. खिशात सदान्‌कदा पाना, म्हणून लोक त्याला पानाच म्हणायचे. रविवारी दुपारी डेअरी बंद असताना तो आणि मामा शेडमध्ये नकाशा पसरून बसले.

“दाजी, मला सांगा, कुठे जोडू? तुमच्या टाकीचा जीव जाणार असेल तर माझा हात धजत नाही. पण कागदावर सह्या आहेत.”

“कागद वाच.”

पाना वाचू लागला. “‘बॉयलरचे गरम पाणी टाकीकडे येणाऱ्या सांडपाण्यात मिसळावे. मिसळल्यानंतर लगेच तापमानाची कांडी बसवावी.’ बस.”

मामाने कागद हातात घेतला. पुन्हा वाचला. मग समोरच्या गटाराकडे पाहिलं. कॅन धुतलेलं पाणी शेडच्या फरशीवरून याच गटारात उतरायचं आणि टाकीकडे जायचं. मामाने गटाराकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, आणि त्याच्या मिशीत काहीतरी हललं.

“पान्या, सांडपाण्यात मिसळावे असं लिहिलंय. कुठून मिसळावे ते लिहिलंय?”

“नाही.”

“कोणाच्या हातून मिसळावे ते?”

पानाने एकदा दाजींकडे पाहिलं, एकदा नळांच्या रांगेकडे. मग हळूच म्हणाला, “दाजी, नोकरी जाईल हो.”

“तुझी ताई परवा अंगठा उठवून आली,” मामा म्हणाला. “अंगठा! तिने! मला त्या रात्री जेवण गेलं नाही.”

पानाने खिशातून पाना काढला.

संध्याकाळपर्यंत शेडच्या भिंतीला नऊ नवे नळ लागले. टाकीकडे जाणाऱ्या थेट लाइनला झडप बसवली आणि ती बंद करून तिचा दांडाच मामाने काढून खिशात घातला. कांडी बसली गटाराच्या तोंडाशी, पाणी मिसळल्यानंतर लगेच, कागदाबरहुकूम. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे मामाला कधी जमलं नव्हतं. पण इथे भांडं लपवायचीही गरज नव्हती. सगळं कागदावर होतं तसंच होतं.

सोमवारी पहाटेपासून, चाचणीच्या नावाखाली, नळाला गरम पाणी आलं. बायकांना आधी वाटलं, काही बिघडलंय. मामीने हात खाली धरला आणि तशीच उभी राहिली. पाणी बोटांवरून वाहत राहिलं. शेजारची म्हणाली, “मामी, कॅन!” मामी म्हणाली, “थांब गं जरा.” बस, एवढंच. पण त्या दिवशी शेडमध्ये कोणी मोठ्याने बोललं नाही, जणू आवाजाने पाणी पळून जाईल.

एकविसावा दिवस उजाडला. शेडच्या पुढे मांडव, मांडवात खुर्च्या, आणि सगळ्यांना दिसेल असा, कांडीला जोडलेला ताटाएवढा काटा. अध्यक्ष आले. पस्तीस आले, नव्या कोटात. अध्यक्षांनी काट्याचं बटण दाबलं. आत शेडमध्ये अठरा जणी हात चालवत होत्याच, त्यामुळे काटा मजेत चढला आणि पस्तीसवर येऊन उभा राहिला. टाळ्या! पस्तीसांनी तर डोळे पुसले.

इथवर सगळं झ्याक. पण साहेबांना फोटोची हौस. “बायका कुठे आहेत? सगळ्यांना बाहेर बोलवा! स्वच्छ अॅप्रन घालून मागे उभं करा.”

अठरा जणी हात पुसत बाहेर आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. नळ बंद. गटारात आता उरलं इतर विभागांचं गार पाणी. आणि अध्यक्ष बोलायला उठले.

अध्यक्ष जंतूंच्या त्यागावर बोलू लागले. काटा चौतीसवर आला. ते म्हणाले, हे मूक जीव कधी तक्रार करत नाहीत, अर्ज करत नाहीत. एकतीस. आपण सगळ्यांनी त्यांच्यापासून शिकलं पाहिजे. सत्तावीस. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी वळून पाहिलं. तेवीस.

“मामा!” साहेब दातांवर दात दाबून म्हणाले. “काय होतंय हे?”

मामाला एरवी खोटं सुचायचं नाही, पण गरज पडली की माणसाला सुचतं. “साहेब, जंतूंना गर्दी चालत नाही. बाहेर माणसं वाढली की ते बुजतात. बायकांना आत पाठवा.”

“आत?”

“आणि कामाला लावा. रोजच्या आवाजाची सवय आहे त्यांना.”

मामीने नवऱ्याचा चेहरा पाहिला, काटा पाहिला. बाई हुशार! तिने पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “चला गं! भाषण काय, उद्याही होईल. कॅन आजचे आहेत.” अठराच्या अठरा जणी आत गेल्या. नऊ नळ एकदम सुटले. काटा थरथरला, अडखळला, आणि वर निघाला. सव्वीस. तीस. पस्तीस.

“पाहिलंत?” अध्यक्ष भारावून म्हणाले. “पाहुण्यांपेक्षाही यांना काम प्यारं!” पुन्हा टाळ्या.

सगळे टाळ्या वाजवत होते. एकटे पस्तीस वाजवत नव्हते. ते काट्याकडे बघत होते, मग शेडच्या दाराकडे, मग पुन्हा काट्याकडे. माणूस पुस्तकी असला तरी खुळा नव्हता.

मांडव रिकामा झाल्यावर ते शेडमध्ये आले. आत वाफ दाटली होती. त्यांनी एका नळाखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला.

“हे काय आहे?”

“तुमचंच डिझाइन,” मामी म्हणाली. “गरम पाणी सांडपाण्यात मिसळतोय आम्ही. वाटेत कॅनही निघतात धुऊन.”

पस्तीस टाकीकडे गेले. मामा मागोमाग. त्यांनी स्वतःचा थर्मामीटर टाकीत सोडला, वर काढला, चष्मा पुसला, पुन्हा सोडला. तेरा. गटारातून येणारं कोमट पाणी इतर पाण्यात मिसळून टाकीत पोचेपर्यंत दोन अंशांची ऊब उरायची, तीही हळूहळू, जंतूंना न दुखवता. बाहेर पडणाऱ्या पाण्याची त्यांनी जागच्या जागी चाचणी केली. दोनशे दहा. त्यांनी आयुष्यात तपासलेल्या एकाही टाकीचा आकडा इतका खाली नव्हता, बॉयलरवाल्या टाक्यांचासुद्धा.

ते एका पालथ्या कॅनवर बसले.

“मामा, हे मी लिहिलं तर माझं काय होईल माहीत आहे? अकरा ठिकाणी मी बॉयलर बसवायला लावलेत.”

“आणि हे नळ लिहिलेत तर ते उद्या सकाळी कापतील, साहेब. धुलाई शेडला गरम पाणी नामंजूर आहे. कागद आहे तसा.” मामा जरा थांबला. मग त्याला राहवलं नाही. “माझी मंडळी, हा गाळ, गेला तर मी पुन्हा दलदलीत उतरेन. आणखी तीन वर्षं लागतील, लागू देत. पण बायकोची बोटं कुठून आणू? सांगा, कुठल्या दलदलीतून आणू?”

पस्तीसांनी थर्मामीटर पुसून खिशात ठेवला. खरं बोलावं तर स्वतःचं नाक कापलं जातं आणि वर अठरा जणींचं पाणी तुटतं. गप्प राहावं तर सगळ्यांचंच निभतं. अशा वेळी माणसाला चांगुलपणा फार सोपा जातो. त्यांनी वही काढली आणि लिहिलं, ‘काट्यावरील तापमान पस्तीस. बाहेरील पाणी दोनशे दहा. निकाल समाधानकारक.’ एकही शब्द खोटा नाही.

“मला त्या गाळाची एक बरणी द्याल?” निघताना त्यांनी चोरट्यासारखं विचारलं.

मामाने बरणी ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली. “उबेत ठेवू नका,” त्याने बजावलं. “सवय बिघडेल.”

आता असं गुपित किती दिवस टिकणार? महिनाभराने साहेबच शेडमध्ये आले. त्यांच्या खोलीतला हीटर बंद पडला होता आणि कुठूनतरी ऊब येतेय असं त्यांना जाणवलं होतं. वासावर आल्यासारखे ते नळांपाशी येऊन उभे राहिले. हात धरला. डोळे विस्फारले.

“मामी! हे गरम पाणी कोणाच्या परवानगीने?”

शेडमधले ब्रश थांबले. मामाने टाकीवरून पाहिलं आणि तो धावत सुटला. पण त्याच्याआधी मामी बोलली, हातातलं काम न थांबवता.

“आमचं नाही हो साहेब हे. जंतूंचं आहे. त्यांच्याकडे जाता जाता आमच्या हातांवरून जातं, एवढंच.”

साहेब विचारात पडले. नळ कापावेत तर काटा पडणार. काटा पडला तर अध्यक्षांना कळणार. अध्यक्षांनी तर ‘उत्कृष्ट बॉयलर व्यवस्थापन’ म्हणून साहेबांचं नाव वर पाठवलेलं. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? त्यांनी घसा साफ केला.

“म्हणजे पाणी शेवटी त्यांनाच मिळतं ना? पूर्ण?”

“थेंब न् थेंब.”

“मग ठीक आहे. पण तुम्ही त्याचा उपभोग घेताय असं दिसता कामा नये.”

दुसऱ्या दिवशी नळांवर पाटी लागली, ‘हे गरम पाणी फक्त जंतूंसाठी आहे. कर्मचाऱ्यांनी ते हात न रेंगाळवता पुढे पाठवावे.’ बायकांनी पाटी वाचली आणि त्या दिवशी शेडमधलं हसू साहेबांच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं.

हिवाळा सरत आला. एका दुपारी कारकून फाइल घेऊन शेडच्या दाराशी आला. मामीचा बारावा अर्ज परत आला होता. तो तिने सवयीने, अकरावा परत आला त्याच संध्याकाळी, मामाच्या हातून लिहवून घेतला होता आणि मग या गडबडीत विसरून गेली होती.

“नामंजूर,” कारकून म्हणाला. “या वेळी कारण दिलंय बघा. ‘धुलाई शेडमधील कर्मचारी चालू हिवाळ्यात गार पाण्यात उत्तम काम करीत असून कामाचा वेग वाढल्याचे दिसते. सबब गरम पाण्याची आवश्यकता सिद्ध होत नाही.’”

बोलता बोलता त्याने शाईचं पॅड उघडून पुढे केलं.

“ते ठेवा,” मामी म्हणाली. “पेन द्या.”

मामा टाकीवरून उतरून येत होता. तो दारातच थबकला. मामीने ओला हात अॅप्रनला पुसला, पेन घेतलं. बोटं हळूच वळली, पेनाभोवती बसली. दोन अजून जरा वाकडी होती, राहतीलही तशीच. पण धरलं तिने. कॅनच्या झाकणावर कागद ठेवून, घाई न करता, तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं, सासरचं, सगळं, आणि खाली एक रेघ ओढली, शाळेत फळ्यावर ओढायची तशी सरळ.

मामाने उपरण्याने चष्मा पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं.

कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला, फायलीतला मागचा कागद काढून शेजारी धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हे चालायचं नाही, मामी,” तो म्हणाला. “मागच्या वेळी अंगठा आहे. नोंद जुळत नाही.”

“मग तसं लिहा,” मामी म्हणाली, आणि नळ सोडून पुढचा कॅन ओढला.